ताम्हिणीचा पाऊस आणि पायथनची मुळाक्षरे

पायथन शिकू पाहणाऱ्या नवशिक्याला सध्या दोन आक्षेप हटकून ऐकवले जातात. पहिला असा की, संगणकाला सूचना देण्याची ही भाषा इंग्रजीवर बेतलेली असल्याने मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याने आधी इंग्रजी पक्के करावे आणि मगच तिच्या वाटेला जावे. दुसरा याहून नवा आणि मोहक आहे: हवा तो प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात लिहून देत असताना व्हेरिएबल, अट आणि लूप यांवर डोकेफोड करावीच कशाला?

पहिल्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केलेल्या या भाषेत राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेनेच ठरवून टाकला आहे असे शब्द, अवघे ३५ आहेत. शिवाय २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलला, म्हणजे मूल्य साठवण्यासाठी दिलेल्या नावाला, 'पाऊस' असे देवनागरी नावही चालते. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाने संगणकाचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत. चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत येतात, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांतले नेहमीचे संदेश मोजकेच असतात आणि सरावाने ओळखीचे होतात.

दुसऱ्या आक्षेपाचा समाचार मात्र सविस्तर घ्यायला हवा, आणि त्यासाठी मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या पावसाइतके चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत तेथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस मानला जातो. हीच वर्गवारी नवशिक्याने 'इफ' आणि 'एलिफ' या शब्दांनी, म्हणजे एकाखाली एक लावलेल्या अटींनी लिहिली, आणि 'पाऊस ६४.५ किंवा अधिक आहे का' ही अट सर्वांत वर ठेवली, तर ५५६ चा आकडा पहिल्याच अटीत अडकतो, पुढच्या अटी तपासल्याच जात नाहीत आणि ताम्हिणीचा तो भयंकर दिवस नुसता 'मुसळधार' म्हणून छापला जातो. पायथन कसलीही तक्रार करत नाही, कारण व्याकरण शुद्ध आहे; चूक अटींच्या क्रमात आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, असला क्रम कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र सहसा चुकवत नाही. हे मान्यच करावे लागेल. परंतु त्याच यंत्राला 'अतिवृष्टीचे दिवस मोज' असे सांगितले की खरा पेच पडतो. पीकनुकसानीच्या भरपाईसाठी राज्य शासन महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पडलेल्या पावसाला अतिवृष्टी धरते, तर बातम्यांत तोच शब्द २०४.५ च्या पुढच्या पावसालाही लावला जातो. यंत्र यांपैकी एक मर्यादा निवडून मोकळे होते, आणि नेमकी कोणती निवडली हे प्रोग्रॅमच्या एका ओळीत दडलेले असते. बरोबर ६५ मिलिमीटर पाऊस झालेला दिवस मोजायचा की वगळायचा, हेही 'पेक्षा मोठे' आणि 'पेक्षा मोठे किंवा समान' या दोन चिन्हांतल्या फरकावर ठरते. ती ओळ ज्याला वाचता येत नाही, त्याला उत्तरावर शंका घेण्याचीही सोय उरत नाही.

शिवाय शंका यायची तर आकडे ओळखीचेही असावे लागतात. म्हणूनच पायथनचे पहिले धडे परक्या फुलांच्या पाकळ्या किंवा बुडालेल्या जहाजाचे प्रवासी यांच्या, सरावासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, ठरीव तक्त्यांवर न गिरवता अशा जवळच्या नोंदींवर गिरवावेत, हा पक्ष अधिक सयुक्तिक ठरतो. 'इनपुट'ने, म्हणजे वापरणाऱ्याकडून मूल्य मागून घेणाऱ्या सूचनेने, घेतलेले दोन दिवसांचे ४० आणि २५ हे आकडे तसेच जोडले, तर उत्तर ६५ येत नाही, ४०२५ येते. कारण 'इनपुट' जे देतो ती संख्या नसून अक्षरांची माळ असते आणि तिचे आधी संख्येत रूपांतर करावे लागते. (हे रूपांतर करणारे 'इंट' हे फंक्शन देवनागरी आकडेही मुकाट्याने स्वीकारते, थेट सूचनेत मात्र ते लिहिलेले चालत नाहीत.) दोन दिवसांत चार मीटर पाऊस ताम्हिणीतही पडत नाही, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ही चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही.

जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची यादी करून लूपने, म्हणजे तीच सूचना प्रत्येक नोंदीवर पुन्हा पुन्हा चालवून, सरासरी काढताना आणखी एक प्रश्न पुढे येतो. एखाद्या दिवशी पर्जन्यमापक बंद पडला आणि नोंदच झाली नाही, तर त्या जागी शून्य लिहायचे की 'नन', म्हणजे मूल्य नसल्याची पायथनमधली खूण? शून्य लिहिले तर धो धो पावसाचा दिवस कोरडा ठरून सरासरी खाली येते. 'नन' लिहून तो दिवस वगळला तर भाजक १२१ होतो, आणि वगळण्याची अट घातलीच नाही तर बेरीज करताना प्रोग्रॅम तिथेच थांबतो.