न दिसणाऱ्या ताऱ्याचा पुरावा



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर सतरंजीवरच चर्चा रंगली. वस्तीतल्या एका मुलीचे जमत आलेले लग्न अडले आहे. मुलाकडची माणसे बौद्धच. घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. तरीही कोणीतरी गुपचूप पत्रिका काढून आणली आणि मुलीला ‘कडक मंगळ’ निघाला. आम्ही या प्रकारावर तावातावाने बोलत होतो, तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, “काका, न दिसणारी ग्रहदशा तुम्ही नाकारता. मग शास्त्रज्ञही न दिसणारे तारे मानतातच ना? त्यांचे खरे आणि ज्योतिषाचे खोटे, हे कशावरून?”

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्यावरच लिहीत आहोत.

थंडीच्या दिवसांत कृत्तिकांच्या उत्तरेला ययाती नावाचा तारकासमूह दिसतो. त्यात अल्गोल नावाचा तारा आहे. अरबीवरून आलेल्या या नावाचा अर्थ राक्षसाचे डोके. हा तारा अधूनमधून मंद होतो आणि पुन्हा उजळतो.

इंग्लंडातील यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा मुलगा राहत होता. लहानपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली होती. घर श्रीमंत, म्हणून बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्याला शिकता आले. ही संधी किती मोलाची असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १७८२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला अल्गोल मंद झालेला दिसला. मग रात्रीमागून रात्री तो वेळा टिपत राहिला. हिशेब निघाला की, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांच्या सुमारास तारा मंद होतो. सुमारे पाच तासांत त्याचा प्रकाश एक तृतीयांशावर येतो आणि पुढच्या पाच तासांत पूर्ववत होतो.

१७८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की, एखादा मोठा गोल या ताऱ्याभोवती फिरत त्याच्या आड येत असावा, किंवा ताऱ्यावरच डाग असावेत. गल्लीच्या टोकाच्या दिव्यासमोरून कोणी गेले, तर माणूस दिसला नाही तरी उजेड कमी झाल्याने आपल्याला कळते, तसेच हे. सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. १७८६ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो वारला.

त्याचे म्हणणे पदक मिळाले म्हणून खरे ठरले नाही. ते ठरायला शंभर वर्षे लागली. आगगाडी जवळ येताना शिट्टी बारीक, चढी वाटते आणि दूर जाताना उतरते. प्रकाशाचेही तसेच आहे. तारा जवळ येत असेल तर त्याच्या वर्णपटातील रेषा जांभळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. १८८९ साली जर्मनीत हेरमान फोगेल यांनी अल्गोलच्या रेषा मोजल्या. मंद होण्याआधी तारा दूर जात होता, नंतर जवळ येत होता. म्हणजे त्याला फिरवणारा जोडीदार होताच. हा जोडीदार थोडातरी प्रकाशत असेल, तर तो झाकला गेल्यावर मधल्या वेळी दुसरी बारीक घट दिसली पाहिजे. अमेरिकेत जोएल स्टेबिन्स यांनी १९१० साली तीही मोजून दाखवली.

आज याच दोन वाटांनी परके ग्रह सापडतात. १९९५ साली मायोर आणि केलोझ यांनी फोगेलच्या वाटेने सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला. २०१९ साली त्यांना नोबेल मिळाले. केप्लर दुर्बिणीने गुडरिकच्या वाटेने अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधले.

फरक इथेच आहे. गुडरिकने वेळ सांगितली. त्या वेळी तारा मंद झाला नसता, तर तो खोटा ठरला असता. आकाशाकडे बघणारा कोणीही ते पडताळू शकत होता. मंगळदोषात शांती आहे, दक्षिणा आहे, पण चूक ठरण्याची सोय नाही. लग्न टिकले तर शांती फळली, मोडले तर दोष भोवला! ज्या मंगळाभोवती २०१४ साली भारताचे यान पोहोचले, त्याच्या नावाने आपण मुलीला घरी बसवायचे काय? ग्रह-नक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरणे भिक्खूंना वर्ज्य असल्याचे दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तातच आहे. निव्वळ कल्पनेवर आधारलेला विश्वास म्हणजे धम्म नव्हे, हे बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे.

लग्नाआधी न दिसणारे काही तपासायचेच असेल तर रक्त तपासा. आपल्या विदर्भात बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. त्याचा वाहक धडधाकट दिसतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण तपासणीत कळते.

मुलाच्या वडिलांना आम्ही हेच सांगून आलो आहोत. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली आहे. मुलगी बारावी पास आहे, कामाला जाते, घर सांभाळते. तिच्यात दोष काय, हे अजून कोणी सांगू शकलेले नाही.