झिजलेल्या गुडघ्यांची भरपाई

बाजार समितीच्या आवारात ट्रक रिकामा होत असताना थोडा वेळ थांबून पाहावे. पाठीवर पोते घेतलेला हमाल फळीवरून खाली उतरतो, तेव्हा प्रत्येक पावलाला त्याचा स्वतःचा आणि पोत्याचा मिळून सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो. फळी ओली असली किंवा मागून येणारा घाईत असला, की पाऊल जागेवर राहते, मांडी वळते आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज होतो. रक्त येत नाही, हाडही मोडलेले दिसत नाही. ‘बस जरा, तेल लाव’ असे मुकादम सांगतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो, दुसऱ्या दिवशी खाडा लागतो. अपघाताची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही.

कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कायद्याने आले. मालकाची चूक होती का, हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे दाखवले तरी पुरते. कंत्राटदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारीही मूळ मालकाला टाळता येत नाही. 2009 च्या दुरुस्तीने उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. चार-पाच हजार हातावर ठेवून ‘आता काही मागणार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला, तरी त्याने कामगाराचा हक्क बुडत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी पाया तोच आहे. इतके सगळे असूनही दुखावलेला गुडघा भरपाईपर्यंत पोहोचत नाही. त्याचे मोठे कारण इजा मोजण्याच्या पद्धतीत आहे.

अवयव तुटला तर कायद्याकडे तयार कोष्टक आहे. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याखाली साडेतीन इंचांपर्यंत पाय कापावा लागला, तर कमाईची क्षमता 60 टक्के गेली असे धरले जाते. पण लिगामेंट तुटले, गुडघ्यातली गादी फाटली, तर ते या कोष्टकात बसत नाही. तेथे कमाईची क्षमता किती घटली, हे डॉक्टरने ठरवायचे असते. प्रमाणपत्रावर मात्र बहुधा पायाच्या अपंगत्वाचा आकडा येतो आणि पुढे तोच कमाईचा आकडा म्हणून चालवला जातो. या दोन आकड्यांमधले अंतर किती, ते पाहा. 2020 च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाई. चाळिशीच्या कामगारासाठी गुणक 184.17. पूर्ण अपंगत्व मानले तर भरपाई 16,57,530 रुपये होते, 20 टक्के मानले तर 3,31,506. ज्याला कार्यालयात बसून काम करायचे आहे, त्याचा 20 टक्के निकामी गुडघा निभावून जाईल. ज्याची भाकरी पोते उचलण्यावर आहे, त्याची कमाई त्या दिवसापासून थांबते. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये प्रतापनारायण सिंह देव खटल्यात हेच पाहिले होते. डावा हात गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्णच धरले पाहिजे, असा तो निकाल. पन्नास वर्षे झाली, तरी प्रमाणपत्र लिहिणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलेला नाही.

एका झटक्यात दुखावलेल्या गुडघ्याची ही गत असेल, तर हळूहळू झिजणाऱ्याला कोण विचारतो? फरशी बसवणारा कारागीर दिवसभर गुडघ्यांवर असतो. खाली ओला माल, त्यावर घडी घातलेले गोणपाट, एका हातात रबरी हातोडा. खोली पूर्ण होईपर्यंत तो गुडघ्यांवरच मागे सरकत राहतो. पन्नाशी गाठण्याआधीच त्याला जिना चढवत नाही. डॉक्टर ‘वयोमानानुसार झीज’ असे लिहितात आणि विषय संपतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, गुडघ्यांवर वा उकिडवे बसून दीर्घकाळ केलेल्या कामाने होणारी गादीची इजा नोंदवली आहे. ब्रिटनने 2009 मध्ये कोळसा खाणकामगारांच्या आणि पुढे फरशी व गालिचे बसवणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज भरपाईस पात्र ठरवली. जर्मनीने त्याच वर्षी मोजमापही घालून दिले: आयुष्यभरात गुडघ्यांवर किंवा तशाच ताणाच्या स्थितीत किमान 13,000 तासांचे काम. वर्षाला तीनशे दिवस, रोज चार तास धरले, तर आपला फरशीवाला अकराव्या वर्षी तेथे पोहोचतो. आपल्या कायद्यातल्या अशा आजारांच्या यादीत शिसे आहे, पारा आहे, सिलिकाची आणि कापसाची धूळ आहे, उसाच्या चिपाडापासून होणारा फुप्फुसाचा विकारही आहे. गुडघा नाही.

गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात, मग मालकाने कुणाकुणाला पैसे द्यायचे, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, आणि तासांची अट हे त्याचे उत्तर आहे. कामाची नोंद ठेवली की वयाची झीज आणि कामाची झीज वेगळी काढण्याला आधार मिळतो. नोंद ठेवायची कुणी, हाच खरा अडसर. कारखान्यातला कामगार, त्याचे वेतन 21,000 च्या आत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो आणि तात्पुरत्या अपंगत्वात त्याला वेतनाच्या 90 टक्के मिळतात. भरपाईच्या कायद्यावर विसंबलेल्या मजुराला त्या काळात मिळायचे ते निम्मे वेतन, तेही मालकाने आपणहून दिले तर. नाक्यावरचा मजूर आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी ऊसतोड बाई यांच्याकडे तर हजेरीचा कागदही नसतो. घरोघरी डिलिव्हरी पोहोचवणाऱ्या तरुणांना नव्या संहितेने ओळख दिली, कर्मचाऱ्याचा दर्जा दिला नाही. त्यामुळे दुचाकीवरून पडून गुडघा फुटला, तरी मालकाकडून भरपाई मागण्याचा मार्ग त्यांना बंदच आहे.

दावा दाखल झाला तरी पुढे काय वाट्याला येते, ते धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाने पाहिले. पहाटेच्या पाळीला जाताना 2003 मध्ये तो अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कामावर जातानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल, तर भरपाईस पात्र आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 2025 चा जुलै उजाडला. बावीस वर्षे! गुडघ्यासाठी इतका काळ कोण लढेल?

नव्या संहितेच्या अंमलबजावणीची घडी बसत असताना राज्य सरकारने गुडघ्यांची झीज व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आणण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणी होणार असेल, तर तीत गुडघे तपासले जावेत. शाळा, रुग्णालये, मेट्रो स्थानके यांच्या फरश्या सरकारी पैशातूनच बसतात. त्या निविदांमध्ये गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणि विम्याची अट घालायला कुणाची परवानगी लागत नाही. माणसाने वाहायच्या ओझ्याला मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2010 मध्ये मान्य केला आहे. बाजार समित्यांच्या आवारात तो पाळला जातो का, हे पाहणे सरकारचे काम आहे.

आणि ज्यांच्या गुडघ्याला कामावर मार बसतो, त्यांनी तेल लावून घरी बसू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि कुठे, काय काम करताना, कसे पडलो हे केस पेपरवर लिहून घ्यावे. मुकादमाची वही तुमच्या हाती नाही. हा कागद तरी तुमच्याजवळ असू द्या.