एका रेषेचा आलेख

रोजगाराचे आलेख म्हणजे सरकारी धूळफेक. खरी स्थिती सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहिलं की कळते, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. या संशयाला जागा आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांचा बेरोजगारी दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२. उभा अक्ष शून्याऐवजी तिनापासून सुरू केला, की हीच रेषा तळाला टेकते आणि जवळपास निम्मी झालेली बेरोजगारी संपल्यासारखी दिसते.

म्हणून आलेखच फेकून द्यायचा? अड्ड्यावर दिसतो तो काम शोधणारा. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी बाई तिथे उभीच राहत नाही.

दर उतरला की टीकाकारांचा खुलासा ठरलेला: लोकांनी कंटाळून काम शोधणंच सोडलं. तसं घडू शकतं, कारण काम न शोधणारा आणि कामाला उपलब्धही नसलेला या दरात धरला जात नाही. पण शेजारी श्रमबल सहभागाची रेषा काढून पाहा. ती ४९.८ वरून ६०.१ टक्क्यांवर गेली. स्त्रियांची तर २३.३ वरून ४१.७ वर. खुलासा बाद!

मग पेढे वाटायचे? थांबा, अजून काही रेषा काढायच्या आहेत. एकूण काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारी ५२.२ वरून ५८.४ टक्के झाले. त्यांच्यातच मोडणारे, घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी हातभार लावणारे १३.६ वरून १९.४ वर गेले. नियमित पगारदार मात्र २२.८ वरून २१.७ वर घसरले. शेतीतल्यांचा वाटा घटायला हवा होता, तो ४४.१ वरून ४६.१ झाला. बायकांचं पूर्वी न नोंदलेलं काम आता नोंदलं गेलं, हेही काही अंशी असेल. तरी पगारी नोकऱ्यांचा वाटा वाढला नाही, हे उरतंच. सरकारची फुशारकी आणि विरोधकांचा खुलासा, दोन्ही खोडले ते आलेखांनीच.

२०२५ पासून दरमहा आकडे येतात. मे २०२५ चा दर ५.६ टक्के होता. तो ३.२ च्या पुढे जोडून बेरोजगारी भडकली म्हणणं ही तितकीच लबाडी. मासिक दर आठवड्याच्या कामावर ठरतो, ३.२ वर्षभराच्या. त्याच २०२३-२४ चा साप्ताहिक दर ४.९ होता, तुलना करायची तर त्याच्याशी.