नातवंडांच्या शाळेत आपलेही आसन

ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि अनेक मुले गावी आजी-आजोबांपाशी राहतात. अशा मुलांच्या शाळेविषयी बोलावे कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, ज्याच्याकडे बालकाचा सांभाळ व ताबा आहे, तोही पालकच होय.

शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य आईवडील वा पालक असतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शिक्षकही त्यांच्यासोबत बसतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनी अन्नाचा दर्जा व स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता पाहण्याचे दायित्वही तिच्याकडे दिले आहे.

डाळ नीट शिजली का, पाण्याची टाकी धुतली का, हे अनुभवी नजरेला चटकन कळते. म्हणून नातवंडाचा सांभाळ आपल्याकडे असेल, तर पालकसभेची तारीख मुख्याध्यापकांना अवश्य विचारावी. जिना चढवत नसेल, तर बैठक तळमजल्यावर घेण्याची विनंती करावी. दूर फडात राबणाऱ्या लेकासुनेच्या वतीने तेथे बोलणारे आपल्याखेरीज दुसरे कोणी नसते.