हाताने बनवलेली म्हणजे नेमकी कुणाच्या हाताने?

अमेरिकेत चकमकीच्या लाँगरायफली घरी बनवणारी एक छोटी, हट्टी जमात आहे. तिच्यात गेली काही वर्षं एक भांडण चालू आहे. बाजारात आता अशी किटं मिळतात (किब्लरचं सगळ्यात गाजलेलं) ज्यांत मेपलचा दस्ता सीएनसी यंत्रावर कोरून येतो. नळी, लॉक, घोडा बसवायच्या खोबणी इतक्या अचूक असतात की विकत घेणाऱ्याने फक्त कानस फिरवायची, लाकूड घासायचं, रंगवायचं आणि जोडायचं. तयार रायफल देखणी असते, नेमबाजीतही कमी पडत नाही. तरीही जुने लोक नाक मुरडतात. त्यांच्या मते ही बनवलेली नव्हे, जुळवलेली. खरी रायफल म्हणजे एका माणसाने, एका दुकानात, हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली.

नवे लोक त्यावर म्हणतात, अरे बाबा, हौस आहे, आनंद घेऊ दे. माझ्या मते हे उत्तर फार मवाळ आहे. ती ‘एका माणसाची’ रायफल इतिहासात जवळजवळ नव्हतीच, असं त्यांनी म्हणायला हवं होतं.

हे लिहिणाऱ्याने रायफल बनवलेली नाही आणि बनवणारही नाही. आपल्याकडे ठासणीची का असेना, परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. तिकडे १९६८च्या संघीय कायद्यात अशा जुन्या धाटणीच्या बंदुकांना वगळलेलं आहे, म्हणून गॅरेजमध्ये हा उद्योग चालतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्या धंद्यातली निम्मी माणसं रात्री अकरानंतर कुणीतरी लोखंड ठोकतानाचे व्हिडिओ बघतात. मीही बघतो, आणि त्यातूनच हे सगळं वाचायला लागलो.

त्या व्हिडिओंचा आजोबा म्हणजे ‘द गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा १९६९चा माहितीपट. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या संग्रहालय-गावात वॉलेस गस्लर हा बंदूककार अठराव्या शतकातल्या अवजारांनी एक रायफल करून दाखवतो. लोखंडाची लांब जाड पट्टी भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, सळईभोवती वळवून कडेला कड भिडवायची, आणि काही इंचांचाच तुकडा एका वेळी ठोकून सांधायचा, की पुन्हा भट्टीत. सांध्यात कुठे राख किंवा खपली अडकली तर नळी तिथे फुटणार, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. मग आतून छिद्र मोठं करायचं, बाहेरून घासून आठ पैलू काढायचे.

मग येतात पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खोबणी. त्यासाठी लाकडाचा एक लांब लाटण्यासारखा दंडगोल असतो, त्याच्या अंगावर नागमोडी चर कोरलेले. तो पुढे-मागे ओढला की गोल फिरतो आणि टोकाचं बारीक दातेरी पातं नळीच्या आतून केसाएवढं लोखंड खरवडून आणतं. एक खोबण पुरेशी खोल व्हायला कितीतरी फेऱ्या. पातं बोथट वाटायला लागलं की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा, तेवढंच ते वर उचललं जातं. कागदाच्या जाडीवर चालणारं हे मोजमाप मला अजूनही थक्क करतं. साधारण चार फुटांत गोळीचा एक पूर्ण फेरा, सात किंवा आठ खोबणी. पुढे लॉक: गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या वाटीतल्या रंजकावर पडतात, आणि ती ज्वाळा नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, ज्याला जुनी मराठी बंदुकीचा कान म्हणते, आतल्या दारूपर्यंत पोचते. या लॉकमधल्या कमानी भट्टीत घडवून त्यांना पाणी द्यायचं. दस्त्यात धातू बसवताना त्याला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबायचं, जिथे काळा डाग उठेल तिथलंच लाकूड पटाशीने काढायचं, आणि हे शेकडो वेळा. शेवटी मेपलवर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल लावून शेक दिला की लाकडातले वाघासारखे पट्टे उमटतात.

फिल्म अप्रतिम आहे. गस्लरने जे केलं त्याला तोड नाही. विसाव्या शतकात विरत चाललेलं ज्ञान त्याने हाताच्या बोटांत परत आणलं. पण संग्रहालयाला सगळी कामं दाखवायची होती म्हणून ती एका माणसाने केली. बघणाऱ्यांनी समजून घेतलं की पूर्वी एकच माणूस सगळी कामं करायचा. घोटाळा तिथे झाला.

अठराव्या शतकातला पेनसिल्व्हेनियातला बंदूककार व्यापारी होता, उपजीविका करणारा. लँकेस्टर आणि आसपासच्या जर्मनभाषक वसाहतींत ही रायफल आकाराला आली. युरोपातून आलेली आखूड, जाड तोंडाची येगर शिकारी रायफल हळूहळू लांब, सडपातळ झाली. नळी बेचाळीस-चव्वेचाळीस इंचांची, गोळी लहान. कारण शिसं आणि दारू वाचवायची होती. पण हे सगळं एका छपराखाली होत नव्हतं. वायोमिसिंगसारख्या ओढ्यांवर पाणचक्कीवर चालणाऱ्या नळ्यांच्या गिरण्या होत्या; अनेक बंदूककार नळी तिथून आणत. लॉक कितीतरी वेळा सरळ आयात केलेलं असे. आज संग्रहालयात लाँगरायफल पाहिली तर लॉकच्या पट्टीवर ‘केटलँड’ हे नाव हमखास भेटतं. ते बर्मिंगहॅमचं घराणं. बर्मिंगहॅमला ही लॉकं पुरवणारे कामगार डार्लस्टन, वेडन्सबरी अशा कोळशाच्या धुरात बुडालेल्या गावांत नगावर मजुरी घेऊन कानस चालवत. गारगोट्या आधी फ्रान्समधून आणि पुढे इंग्लंडातल्या ब्रँडन गावातून येत. तिथे माणसं दिवसभर बसून दगड फोडत आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन अकाली मरत. व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या लोखंडाच्या भट्ट्यांवर गुलाम राबत होते. विल्यम्सबर्गमध्येच क्रांतीच्या काळात जेम्स अँडरसनचा जो सार्वजनिक शस्त्रकारखाना होता, तिथेही गुलाम होते. दुकानात उमेदवार असत, वर्षानुवर्षं बांधलेले.

आणि नळीच्या वरच्या पैलूवर, बंदूक खांद्याला लावली की डोळ्यासमोर येईल तिथे, एकच नाव कोरलेलं. उदाहरणार्थ जेकब डिकर्ट.

आमच्याकडे कुठलाही प्रकल्प उघडला तर त्यात एक फाइल असते: या प्रोग्रॅमला दुसऱ्या कुणाकुणाचा कोड लागतो, कुठली आवृत्ती. शंभर ओळींच्या प्रोग्रॅमला हजार परक्या पाकिटांचा आधार असतो, आणि त्याची लाज कुणाला वाटत नाही. लाज वाटायला हवी ती फाइल पुसून वर आपलं नाव टाकण्याची. लाँगरायफलीच्या बाबतीत ते १७७०च्या आसपासही चालत होतं, पण तेव्हा ती निदान धंद्याची सही होती; गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं की लॉक विलायती आहे. त्या सहीला एकट्या कलावंताची सही करून टाकलं ते विसाव्या शतकातल्या संग्राहकांनी. कॅप्टन डिलिनचं ‘द केंटकी रायफल’ १९२४ सालचं, जो किंडिगचं तिच्या ‘सुवर्णयुगा’वरचं पुस्तक १९६०चं. अशा पुस्तकांनी हा सुंदर माल हुडकला, जपला, कारागिरांची नावं शोधली, हे ऋण मान्य. पण संग्राहकाला सही लागते. सही असली की किंमत येते. लॉक घासणाऱ्याची सही नाही, म्हणून तो या गोष्टीत नाही.

‘केंटकी रायफल’ हे नावच बघा ना. बनली पेनसिल्व्हेनियात, मिरवते केंटकीचं नाव. १८१५च्या न्यू ऑर्लीन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवरचं एक गाणं गाजलं आणि नाव चिकटलं. त्या लढाईत इंग्रजांची जी कत्तल झाली ती मोठ्या प्रमाणात तोफांनी केली, ही गोष्ट गाण्यात बसत नव्हती.

शुद्धतावाद्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो, आणि किटवाले तो ऐकून न ऐकल्यासारखं करतात. रायफलीचं सौंदर्य रेषांत असतं: मनगटाशी दस्ता किती बारीक होतो, तिथून खांद्याकडे किती कलतो, नळीखालचं लाकूड किती पातळ ठेवलंय. चांगला कारागीर लाकूड काढत राहतो आणि कुठे थांबायचं ते त्याला कळतं. नवशिक्याची रायफल ओळखू येते ती तिच्यावर उरलेल्या लाकडावरून. भीतीपोटी ती जाडजूड राहते. किटमध्ये हा निर्णय आधीच झालेला असतो. विकत घेणाऱ्याला रायफल मिळते, नजर मिळत नाही. बरोबर आहे. पण मग भांडण नजरेबद्दल करा. सीएनसीमध्ये घातलेली रेषाही एका कसलेल्या बंदूककाराच्याच नजरेची आहे. आणि ‘खऱ्या’ रायफली बनवणारे बहुतेक आजचे कारागीर नळी तयार घेतात, सायलर धाटणीचं ओतीव लॉक तयार घेतात. त्यावर कुणी आक्षेप घेत नाही. म्हणजे यंत्र चालतं, दुसऱ्याचा हात चालतो. फक्त लाकूड मीच कोरलं पाहिजे. ही रेघ आजच्या हौशी लोकांनी आपल्या सोयीने ओढली आहे, आणि इतिहासाच्या नावावर खपवली आहे.

‘हाताने’ हा शब्द इतका पवित्र असेल तर त्याच जगातली दुसरी एक बंदूक घ्या. अमेरिकन क्रांतीच्या लढाया पोशाख घालून पुन्हा खेळणारे लोक असतात. त्यांतले पुष्कळजण वापरतात त्या ‘ब्राउन बेस’ वगैरे बंदुकांच्या प्रतिकृती भारतात बनलेल्या असतात. स्वस्त पडतात. अनेकदा कान न पाडताच त्या निर्यात होतात, म्हणजे कागदोपत्री शोभेची वस्तू. छिद्र तिकडचा विक्रेता पाडतो. यांची लॉकं मोठ्या प्रमाणात कानशीनेच घासलेली असतात, इतकी की एकाचा भाग दुसऱ्यात बसत नाही. शुद्धतावाद्याला हवी तीच खूण! पण इथे ती दोष ठरते. ‘इंडियन-मेड’ हा त्या वर्तुळात हिणवण्याचा शब्द आहे. त्यातल्या काही तक्रारी रास्त आहेत: नळीची दाबचाचणी झालेली नसते, पट्टी नीट कडक नसते म्हणून ठिणगी पडत नाही. नळी फुटली तर बोटं जातात, तिथे हस्तकलेचं कौतुक नको. पण मग हेही मान्य करा की हात हा काही गुण नव्हे. कारण ती बंदूक घासणाऱ्याचं नाव मला कुठल्याच कॅटलॉगमध्ये दिसलं नाही, आणि त्याच्या कानशीच्या खुणांना कुणी ‘आत्मा’ म्हटल्याचंही वाचलेलं नाही.

याला जुना इतिहास आहे. पेनसिल्व्हेनियात मोरेव्हियन पंथीयांच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग वस्तीत आंद्रेआस आल्ब्रेख्ट उमेदवारांना रायफल शिकवत होता, त्याच १७६०च्या दशकात बिहारमध्ये मुंगेरला मीर कासीमने शस्त्रांचे कारखाने उभे केले. तिथल्या चकमकीच्या बंदुका कंपनीच्या विलायती बंदुकांपेक्षा सरस, नळीचं लोखंड उत्तम आणि राजमहालच्या डोंगरातल्या अकीकाच्या गारगोट्याही चांगल्या, असा निर्वाळा इंग्रजांच्याच बाजूने दिला गेल्याची नोंद आहे. मीर कासीम हरला. १८७८च्या शस्त्र कायद्याने देशी बंदूककारांवर परवान्याचं जोखड आलं. आज मुंगेर हे नाव वर्तमानपत्रात येतं ते पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत. मी गावठी कट्ट्यांची वकिली करत नाही; त्यांनी माणसं मरतात. पण एका खोऱ्यातलं हातांचं ज्ञान संग्रहालयात गेलं आणि दुसऱ्यातलं पोलीस ठाण्यात, यात कानस कुणाची चांगली चालायची हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर पुण्याच्या बाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर थांबा. घिसाड्याचं पाल असतं. नवरा सांडशीने तापलेलं लोखंड फिरवतो, बायको घण घालते, पोर भाता फिरवतं. कोयता, विळा, कुऱ्हाड तुमच्यासमोर घडते. ज्या मित्रांनी मला पेनसिल्व्हेनियातल्या भट्टीचे व्हिडिओ पाठवले, ते ऑनलाइन ‘हँड-फोर्ज्ड’ सुरी चार हजारांना घेतात आणि इथे कोयत्याच्या किमतीत वीस रुपयांची घासाघीस करतात. तिकडचा लोहार छंद म्हणून लोहार झालेला असतो; इकडच्याला जातीने लोहार करून ठेवलंय. त्याचं नाव विचारायचं आपल्याला सुचत नाही.

जुन्या विलायती लॉकची गंमत अशी की पट्टीच्या बाहेरच्या अंगावर व्यापाऱ्याचं ठसठशीत नाव असतं. दस्त्यातून ते काढून उलटं धरलं, तर आतल्या बाजूला, कमानीच्या आडोशाला, पुष्कळदा एक-दोन अक्षरांचा बारीक ठसा सापडतो. ज्याने ते घासलं त्याची आद्याक्षरं. नगावर मजुरी मिळायची, म्हणून मोजणीपुरती ठोकलेली.