दालन हवं, पण फक्त गोल करणाऱ्यांचं नको

भारतीय फुटबॉलचं एक राष्ट्रीय ‘हॉल ऑफ फेम’ असावं, असा विषय काढला की उजनीकाठच्या कुठल्याही पारावर पहिला सवाल ठरलेला असतो: “आपल्याकडं कुस्ती, कबड्डी, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉलच्या दालनाशी आपलं काय देणंघेणं?”

कुस्तीचा मुलूख म्हणून फुटबॉल परका, हे काही खरं नाही. कोल्हापुरात फुटबॉल जगवला तो तालमींनीच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. आणि देण्याघेण्याचंच म्हणाल, तर उजनीकाठच्याच करमाळा तालुक्यातलं जेऊर आठवा. जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा सिनेमा 2022 मध्ये आला. त्याचा नायक गोल मारणारा नाही, पोरांना मैदानावर आणणारा मास्तर आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यावर तो बेतलेला. बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केलं आणि 2016 मध्ये फिफाने त्या कामाला विविधता पुरस्कार दिला. फुटबॉलमधलं योगदान म्हणजे काय, हे देशाला या टापूतल्या माणसानं दाखवलं. मग त्या योगदानाच्या दालनाबद्दल बोलायचा हक्क या टापूला का नसावा?

दुसरा आक्षेप: विश्वचषकात आपण कधी खेळलो नाही, मग सन्मान कुणाचा करणार? हे बोलणाऱ्याला आपला इतिहास ठाऊक नाही. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्णपदक जिंकलं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई. शिवाय अमेरिकेचा पुरुष संघ आजवर जगज्जेता झालेला नाही, तरी त्यांचं सॉकर हॉल ऑफ फेम 1950 पासून आहे. त्याच वर्षी विश्वचषकात इंग्लंडला 1–0 हरवणाऱ्या अख्ख्या संघाला त्यांनी 1976 मध्ये त्यात मानाने घेतलं.

तिसरा आक्षेप म्हणतो, अर्जुन आणि द्रोणाचार्य पुरस्कार आहेत, सिनेमे निघतात, आणखी काय पाहिजे? तर 1951 आणि 1962 ची दोन्ही सुवर्णपदकं ज्यांच्या हाताखाली आली, ते प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम 1963 मध्ये वारले. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 मध्ये. त्यांच्यावरचा ‘मैदान’ पडद्यावर यायला 2024 उजाडलं. सिनेमा हजारांतून एकाला उचलतो, आणि कधीकधी त्याचंही नाव बदलतो. ‘झुंड’मध्ये बारसे यांचे बोराडे झाले. कथेला ते चालतं, नोंदीला चालत नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनाचा आहे: दालनावर कोटी ओतण्यापेक्षा गावोगाव मैदानं करा. संगमरवरी इमारतीपुरता तो मला मान्य आहे. अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. ओनिओन्टा गावातली त्यांची वास्तू 2010 मध्ये बंद पडली, संग्रह गोदामात गेला, आणि नवं दालन टेक्सासमधल्या फ्रिस्कोत उघडलं ते 2018 मध्ये. पण मधल्या काळात सन्मान थांबले नाहीत. म्हणजे वास्तूवाचून अडत नाही; अडतं ते नोंदीवाचून. आणि मैदान काही आपोआप होत नाही. त्यासाठी कुणीतरी पंचायतीत भांडतं, कुणीतरी पदरमोड करून जाळी आणि चेंडू आणतं. त्या माणसाचं नाव कुठेच लिहायचं नाही आणि पुढचं मैदान कुणीतरी करावं अशी अपेक्षा मात्र ठेवायची, हा कुठला न्याय?

नोंदीची किंमत या काठाला समजावून सांगायला नको. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं. भीमेकाठची जुनी गावं यशवंतसागराखाली गेली, माणसं नव्या गावठाणांत आली. कुणाचं काय बुडालं हे सांगणारी तोंडं घरोघरी आहेत. पण नोकरीच्या अर्जाला प्रकल्पग्रस्ताचा दाखलाच जोडावा लागतो. आज्याचं नाव कागदावर चढलं नसेल, तर नातवाची खरी कहाणीही खिडकीवर चालत नाही. खेळातही हेच होतं.

म्हणून दालन व्हावं, पण अटींवर. खेळाडूंइतकाच मान घडवणाऱ्यांना हवा: प्रशिक्षक, पंच, तालमी, आणि सुब्रतो चषकासाठी दरवर्षी शाळेचा संघ उभा करणारे क्रीडाशिक्षक. नावं जिल्ह्याजिल्ह्यांतून, पुराव्यासकट मागवावीत. खुर्चीवर असलेल्या पदाधिकाऱ्याला तिथे जागा नसावी. आणि नोंदवही सर्वांना पाहायला खुली असावी.

पहिल्या यादीत रहीम असावेत, डिसोझा असावेत. त्याच दिवशी, त्याच आकाराच्या अक्षरांत, बारसेही असावेत, आणि तेही बारसे म्हणूनच.