दुखत नाही, तोवरच दाखवा

आपल्या घरातली बाई दवाखान्यात कधी जाते? ताप उतरेना, उभे राहवेना, कामावर खाडे पडू लागले की मग. तोपर्यंत काढा, तोपर्यंत मेडिकलवाल्याकडची गोळी. बाकीच्या बारीकसारीक दुखण्यात हे चालून जाते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र चालत नाही, कारण सुरुवातीला तो दुखतच नाही.

वस्तीत तपासणीचा विषय काढला की आम्हाला ठरलेले उत्तर मिळते, "भाऊ, मला काय बी होत न्हाई, मग उगाच कशाला दाखवू?" भगिनींनो, काही होत नाही तेव्हाच दाखवायचे असते. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागतात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. इतकी सवड फार थोडे कॅन्सर देतात. तरीही 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा रोग झाला आणि जवळजवळ 80 हजार बायका दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण नेमके इथेच बाईला बोल लावला जातो. जिने नवऱ्याखेरीज कोणाला ओळखले नाही तिलाही हा रोग होतो. नवऱ्याच्या अंगात विषाणू असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा हे पान बायकांचे म्हणून पुरुष मंडळींनी उलटून टाकू नये.

तपासणी कशी असते? बाई टेबलावर झोपते, नर्स किंवा डॉक्टरीण आतले दिसावे म्हणून एक साधन बसवते, पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावते. ते म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल. मग एक मिनिट थांबायचे. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठून दिसतो. थोडे चुरचुरते. भूल नाही, टाका नाही. याखेरीज पॅप तपासणी आहे, एचपीव्हीची तपासणीही आहे. पाळी गेलेल्या बायकांना ॲसिडची तपासणी नीट लागू पडत नाही, त्यांनी या दोहोंविषयी विचारावे.

एवढ्याशा तपासणीने काय होणार, असे वाटत असेल तर दाखला आपल्याच घरचा आहे. 1998 पासून टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हीच तपासणी झाली. करणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका! बारा वर्षांनंतरचा हिशेब 2013 साली जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्याच्या (आताच्या धाराशिवच्या) खेड्यांत बार्शीच्या कॅन्सर केंद्रामार्फत असाच अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईतल्या उरलेल्या वस्त्यांना तुलनेसाठी फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही. त्या बायकाही आपल्याच. यावर पुढे टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती. अशी किंमत मोजून कळलेली गोष्ट आपण वापरतो किती? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही तपासणी कधी तरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनही भरल्या नाहीत.

आता भीतीविषयी. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. बहुतेक वेळा ती कॅन्सरच्या कितीतरी आधीची पायरी असते. तेवढा भाग थंड किंवा गरम उपकरणाने जाळून टाकतात, बाई त्याच दिवशी घरी येते. आणि हे अधोरेखित करून ठेवा: पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावरून कोणी "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" म्हणाले तर तिथून उठावे, तपासणीचा कागद मागावा, सरकारी दवाखान्यात दुसऱ्यांदा दाखवावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे काय झाले ते राज्याने पाहिले आहे. 2019 मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कॅन्सरची भीती घालून कित्येकींना टेबलावर घेतले गेले. तपासणी करून घेणे हा अशा धंद्यावरचाही उतारा आहे.

आम्ही पोटासाठी हिशेबाच्या वह्या लिहितो, म्हणून खर्चाचेही सांगतो. तपासणीला अर्धा दिवस जातो, सरकारी ठिकाणी पैसे पडत नाहीत. रोग वाढल्यावर शेक घ्यायला आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे जावे लागते. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळी. औषधोपचाराला योजना आहेत, पण परळच्या फुटपाथवरच्या मुक्कामाला कोणती योजना आहे?

सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बाईची तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. आशाताई तिशीनंतरच्या माणसांचा फॉर्म भरतात, तेव्हा त्यांनाच विचारावे. "आज सिस्टर नाही" म्हणून परत पाठवले तर कोणत्या वारी असते ते विचारून यावे. एकटीने लाज वाटते, हे खरे. मग महिला मंडळाने दहा-बारा नावांची यादी करून वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सगळ्यांनी मिळून जावे. पाळीचे दिवस तेवढे टाळावेत.

मात्र संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काही असेल तर यादीची वाट पाहू नये, उद्याच जावे. मुलींसाठी लस आहे, ती नऊ ते चौदा वयात देणे उत्तम. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीत तपासणी करायचीच. तपासणीचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा आणि पुढच्या वेळचे साल त्यावर मोठ्या आकड्यात लिहावे.